मालकांचं मत

बाकीचे घरमालक महिन्याच्या सुरुवातीला भाडं मागायला येतात. आमचे मालक मत मागायला यायचे. भाड्याचं खातं त्यांच्या बायकोकडे होतं आणि ती बाई त्या बाबतीत पक्की होती. मालक संध्याकाळी दारात येऊन उभे राहायचे, खांद्यावर पंचा, पाय अनवाणी, आणि आवाज इतका बारीक की आधी वाटायचं दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. "म्याडम, या टायमाला मत दिलं का?"

नव्या भाडेकरूला वाटायचं निवडणूक आली. दुसऱ्या मजल्यावर नवीन आलेला एक बँकवाला तर मतदार कार्ड घेऊनच बाहेर आला होता आणि सांगत होता की माझं नाव अजून नाशिकच्या यादीत आहे. मालकांनी ते कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि परत दिलं. "हे नाय. सिनेमाचं."

सारसोळ्यात ज्या बिल्डिंगमध्ये आम्ही पाच-सहा वर्षं राहिलो ती मालकांची. परवा ते जाऊन वर्ष झालं. आम्ही आता खारघरला असतो, आमच्या इथल्या सोसायटीत मालक नसतो, कमिटी असते, आणि कमिटीला कुणाच्या मताची फारशी गरज पडत नाही. मला त्यांची आठवण बरेचदा येते. एखादा माणूस आपल्याला छळतोय असं वर्षानुवर्षं वाटत राहावं आणि तो गेल्यावर घर रिकामं वाटावं, असं माझं त्यांच्या बाबतीत झालंय.

मालक मूळचे जासईकडचे. घरची माणसं मिठागरात कामाला. लग्नानंतर सासऱ्यांच्या जागेवर सारसोळ्यात आले, पुढे तिथं बिल्डिंग झाली आणि ते मालक झाले. मालक होणं त्यांना कधी जमलं मात्र नाही. कुणाला ओरडणं नाही, नोटीस लावणं नाही. पाण्याची मोटर बिघडली की स्वतःच अपराधी चेहऱ्याने प्रत्येक दारात जाऊन सांगायचे. त्यांचा एकच नाद होता, चिंध्या बांधण्याचा. जिन्याची पायरी हलायला लागली की कठड्याला लाल चिंधी. नळाला करंट येतोय अशी शंका आली, चिंधी. गच्चीवर शेवाळ धरलं की तिथं चार विटा आणि मध्ये काठी, काठीला चिंधी. बायकोची एकही लाल साडी त्यांनी धड ठेवली नव्हती, ती बिचारी शेवटी हिरव्यावर आली.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान वर चढत होतं तेव्हा ते माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, वरच्या जिन्यात मी खून केली हाय. जरा बगून जावा."

माझा नवरा तसा गुन्हेगारी सिनेमांवर पोसलेला माणूस. तो हातातली बादली तिथंच ठेवून माझ्याकडे आला, चेहरा पांढरा. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मला उलगडायला क्षणभरच लागला. मालकांच्या बोलीत 'ण' नाही, त्याच्या जागी 'न' येतो, आणि 'ळ'च्या जागी 'ल'. पाणी ते पानी, कोण तो कोन, आणि खूण ती खून. त्यांनी फुटलेल्या पायरीवर खूण केली होती, एवढंच. हा किस्सा माझ्या नवऱ्याने पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगितला आणि प्रत्येक वेळी बादलीचा आकार वाढत गेला.

आता त्या सिनेमाबद्दल. नाव घेत नाही, कारण त्याचे भक्त फार आहेत आणि भांडखोर आहेत. माझा नवरा त्यातलाच एक. तो सिनेमा लागला तेव्हा साफ आपटला होता. नंतर कॅसेटवर, मग इंटरनेटवर पोरांनी त्याला उचलून धरलं, त्याचे संवाद एकमेकांना ऐकवायला लागले, आणि जो सिनेमा आठवडाभर चालला नव्हता तो लोकांना तोंडपाठ झाला. अशा सिनेमाची घरी बघायची खास आवृत्ती निघाली. जाड पुठ्ठ्याची पेटी, आत डिस्क, पोस्टर, दिग्दर्शकाची मुलाखत, चित्राखाली संवादांची इंग्रजी अक्षरं, आणि मुख्य म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नव्याने स्वच्छ केलेले. नवऱ्याने ती मागवली. पार्सल आलं तेव्हा आम्ही घरी नव्हतो, म्हणून मालकांनी ते घेऊन ठेवलं.

संध्याकाळी पार्सल द्यायला आले ते गेलेच नाहीत. नवऱ्याने पेटी उघडली तशी त्यांनी वाकून पोस्टर पाहिलं आणि विचारलं, "हा तोच ना, ज्याच्यात मिठागर हाय?"

"तुम्ही पाहिलाय मालक?" नवरा खूश झाला. समानधर्मी भेटला असं त्याला वाटलं.

"एकदाच. पनवेलला लागला व्हता. आमची मानसं हायत त्याच्यात."

मिठागराचा प्रसंग सिनेमात अगदी थोडा आहे. नायक पोलिसांपासून पळत बांधावरून चालतोय, मागे मिठाचे ढीग, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. त्यातली एक बाई थांबते, नायकाकडे बघून काहीतरी ओरडते आणि पुन्हा चालू लागते. जुन्या प्रिंटमध्ये तिचा आवाज संगीताखाली गाडला गेला होता. नव्या आवृत्तीत आवाज साफ केला होता, आणि त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये ती बाई स्वच्छ बोलली. "पुढं जाव नको रं, तिथं खून केली हाय."

मालक खुर्चीवर बसले होते ते उठून उभे राहिले. "आयस," ते म्हणाले. "माजी आयस ही. आवाज बगा तिचा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही काय करावं कळेना. मालकांच्या घरात आईचा फोटो असा एकच, रेशनकार्डावरून मोठा केलेला, त्यात नाकडोळे अंदाजानेच शोधायचे. जाऊन कितीतरी वर्षं झालेली ती बाई पडद्यावर डोळे बारीक करून उन्हात उभी होती आणि बोलत होती. मालक टीव्हीच्या अगदी जवळ गेले. त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. ते हसत होते. मी त्यांना इतकं मोकळं हसताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मग त्यांनी विचारलं, "खाली काय लिवलंय?"

माझ्या नवऱ्याच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. त्याने सरळ वाचलं आणि सरळ अर्थ सांगितला. "ती म्हणते, पुढे जाऊ नकोस, तिथं मी खून केलाय."

"खून म्हंजे?"

"म्हणजे मर्डर," नवरा म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं.

अक्षरं लिहिणाऱ्याने जे कानाला ऐकू आलं ते लिहिलं होतं. गुन्हेगारी सिनेमा, त्यात बाई ओरडून खून म्हणतेय, तर तो आणखी काय लिहिणार. मालकांनी पंचा खांद्यावरून काढून हातात धरला आणि ते खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. लोक या पेटीबद्दल काय बोलतात ते त्यांना ऐकायचं होतं. ही कल्पना त्यांच्या डोक्यात घालणारा माझा नवराच, कारण तो जेवताना ती मतं मोठ्याने वाचायचा आणि ते खालच्या मजल्यापर्यंत जायचं. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, पण मालक समोर मांडी घालून बसलेच. मग त्याने वाचली. जिथून पेटी मागवली त्या साइटवर प्रेक्षकांनी भरभरून लिहिलं होतं. कुणाला रंग फार गडद वाटले. कुणाला दिग्दर्शक मुलाखतीत खोटं बोलतोय असं वाटलं. एकाने पेटीचा कोपरा दबलेला आला म्हणून दोनच चांदण्या दिल्या होत्या. मालकांनी त्याला तिथं थांबवून विचारलं, "सिनेमाला दोन, का कोपऱ्याला दोन?" कोपऱ्याला, असं कळल्यावर त्यांनी मान हलवली.

पण बहुतेक मतं मिठागरातल्या बाईबद्दल होती. इतकी वर्षं ऐकू न आलेलं वाक्य ऐकू आलं होतं आणि भक्तमंडळी पेटली होती. सिनेमात शेवटपर्यंत उलगडत नाही की पहिला खून कुणी केला. आता उलगडलं. एकाने लिहिलं होतं, 'मिठागरातली बाईच खरी खुनी, दिग्दर्शकाने उत्तर डोळ्यासमोर ठेवलं होतं.' दुसऱ्याने, 'तिचा चेहरा बघा, जराही पश्चात्ताप नाही.' कुणीतरी तिला 'खुनी मावशी' असं नाव दिलं होतं आणि ते नाव चाललं होतं. तिचं चित्र असलेले टीशर्ट कुठं मिळतील, असंही एकजण विचारत होता.

"पश्चात्ताप नाय," मालक हळूच म्हणाले. "ते परत वाच."

नवऱ्याने वाचलं नाही. त्याने फोन उलटा ठेवला.

त्या दिवसापासून मतांची वसुली सुरू झाली. मालकांना स्वतःला फोनवर लिहिता येत नव्हतं. पण बिल्डिंगभर लिहिणारे होते. प्रत्येकाने लिहायचं की ती बाई खुनी नाही, तिने खूण केलीय. मजकूर मी तयार करून दिला होता. त्यात मी एक मुद्दा घातला होता, त्याचा मालकांना फार अभिमान. माणूस मारणं तो खून, पुल्लिंगी, त्याला 'केला' लागेल. बाई 'केली' म्हणते. म्हणजे ती खूणच. मालक जिन्यात भेटेल त्याला सांगायचे, "म्याडमनी पुरावा काढला. केली बोलली ती. केला नाय बोलली." भाजीवाल्यालाही सांगितलं होतं. तो मान डोलवायचा आणि कोथिंबीर जास्त घालायचा.

लोकांनी लिहिलंही, कारण मालकांना नाही म्हणणं कठीण होतं. फक्त सगळ्यांना नीट कळलं होतं असं नाही. तळमजल्यावरच्या बिहारी कुटुंबातल्या बापाने पाच चांदण्या देऊन लिहिलं की मालक भला माणूस आहे आणि पाणी दोन्ही वेळेला येतं. ते मत अजूनही त्या सिनेमाखाली आहे. एका भक्ताने त्याखाली विचारलंय की ही सिनेमातल्या कुठल्या संवादाची ओळ.

एकदा दिलं की मत पुन्हा देता येत नाही, हे मात्र मालकांना पटेना. नवऱ्याने समजावलं तर म्हणाले, "एकदा दिलं म्हंजे झालं? भाडं एकदाच देता का?" मग कुणी नवऱ्याच्या नावाने, कुणी बायकोच्या, कुणी गावाकडच्या भावाच्या नावाने मतं द्यायला लागले. भक्तांना संशय आला. त्यांनी लिहिलं की हे सगळे एकाच ठिकाणचे भाडोत्री लोक आहेत. तेवढं मात्र खरं होतं, आणि ते वाचून मालकसुद्धा हसले.

मला ते सगळं थोडं अतीच वाटायला लागलं होतं. शब्दाची चूक झाली, वाईट झालं, पण एवढं धरून बसण्यासारखं काय आहे? तसं मी त्यांना एकदा बोललेही. ते रागावले नाहीत. "रविवारी येता का," म्हणाले, "जासईला?"

आम्ही तिघं रिक्षाने गेलो. मला वाटलं मिठागर दाखवतील. मिठागर नाहीच आता. रस्त्याच्या कडेला लांबच लांब पत्र्याची भिंत, भिंतीपलीकडे कंटेनर एकावर एक रचलेले, आणि ट्रेलरांची रांग. मालक भिंतीजवळ उभे राहिले आणि बोट करून दाखवायला लागले, इथं बांध, इथं ढीग, तिथं बायका जेवायला बसायच्या. मग एका निळ्या कंटेनरकडे बोट करून म्हणाले, "आन तो निला डबा हाय ना, त्याच्याखाली."

त्याच्याखाली काय, असं माझ्या नवऱ्याने विचारलं.

खाडीचं पाणी आत घ्यायची जागा तिथं होती. पाणी आत यायचं तिथं चिखल खोल आणि वरून काही दिसायचं नाही, कोरडी जमीन वाटायची. मालकांच्या पाठची बहीण, नुकतीच चालायला लागलेली, बांधावर बसवून आई पाट्या उचलत होती. पोरगी उठून चालत गेली. "आवाज पन नाय झाला," मालक म्हणाले. "चिखलात काय आवाज व्हनार."

त्यानंतर त्यांच्या आजीने, म्हणजे आईच्या सासूने, आईला उभं केलं आणि सगळ्या वस्तीसमोर म्हणाली, तूच पोरीला खाल्लीस. मुलगी नको होती तुला. वस्तीत काही जणांनी ते धरलं आणि वर्षानुवर्षं धरून ठेवलं. भांडण झालं की बायका तेच काढायच्या. आई कुणाला उत्तर देत नसे. तिने त्या जागी एक काठी रोवली आणि काठीला आपल्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. चिंधी विरली की नवी बांधायची. आणि बांधावरून कुणीही चाललं, गावातला असो की परका, की हातातलं काम सोडून ओरडायची. पुढं जाव नको, तिथं खून केली हाय.

"त्या पोरीचं नाव आयसनं परत कंदी घेतलं नाय," मालक म्हणाले. "आमी पन नाय घेतलं. तिच्याबद्दल ती बोलायची ते एवडंच."

सिनेमावाले आले तेव्हाही तेच झालं. नायक बांधावरून त्या बाजूला चालत निघाला. तिला कुठं ठाऊक तो नाटक करतोय. तिला दिसला एक माणूस चिखलाकडे जाताना. ती ओरडली, आणि दिग्दर्शकाला ते आवडलं म्हणून त्याने ठेवलं. मालक तेव्हा तरणेबांड, ढिगामागे पाटी भरत होते. सिनेमावाल्यांनी आईला सांगितलं की तुझा आवाज आला सिनेमात. ती म्हणाली, आवाज आला तर बरंच झालं, तो थांबला का?

ट्रेलर जात होते, धूळ उडत होती. जी गोष्ट त्या बाईच्या तोंडावर आयुष्यभर फेकली गेली, तीच आता तिच्याच आवाजाखाली लिहून घरोघर गेली होती. आणि ती तिने स्वतः कबूल केली, असं लिहून. माझा नवरा पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता.

त्यानंतर आम्ही मनापासून कामाला लागलो. नवऱ्याने पेटी काढणाऱ्या कंपनीला सविस्तर लिहिलं, भक्तांच्या गटात जाऊन भांडला, दोन-तीन जुने मित्र गमावले. पण त्या पोरीबद्दल त्याने अक्षरही लिहिलं नाही, मालकांनी तशी ताकीद दिली होती. फक्त शब्दाचं बोलायचं, खूण आणि खून. कंपनीकडून दर वेळी तेच उत्तर यायचं, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मालक ते वाचून घ्यायचे आणि विचारायचे, "मोलाचं हाय बोलतान ना?" त्यांना त्यात आशा दिसायची. मला नाही दिसायची, पण मी हो म्हणायचे.

आणि एक दिवस कंपनीने खरंच कळवलं. पेटीची नवी खेप काढतोय, प्रेक्षकांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त केल्या आहेत, मिठागराच्या प्रसंगातली ओळसुद्धा. मालकांनी बायकोला सांगून शेवळाची रानभाजी करवली आणि बिल्डिंगभर वाटली. ज्याला ती काय हे माहीत नव्हतं त्यालाही खावी लागली.

नवी पेटी आली तेव्हा मालकीणबाईसुद्धा वर आल्या. मालकांनी धुतलेला सदरा घातला होता. नवऱ्याने सरळ तोच प्रसंग लावला. बांध, ढीग, पाट्या. आई थांबली, तिने डोळे बारीक केले, आणि ओरडली. वाक्य पहिल्यासारखंच स्वच्छ. खाली इंग्रजीत एकच शब्द आला, तोही कंसात.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. नवरा वाचायला तयार नव्हता, म्हणून मला वाचावं लागलं.

"अस्पष्ट," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हणजे काय बोलली ते नीट ऐकू येत नाही, असं."

मालकीणबाई म्हणाल्या, "अगो बाय, एवडं तर ऐकू येतंय." नवरा उठून येरझाऱ्या घालायला लागला. हे मुद्दाम केलंय, कुणाच्या कटकटी नकोत म्हणून केलंय, मी आत्ताच्या आत्ता लिहितो, असं बरंच काही बोलत होता. मालकांनी हात वर करून त्याला बसवलं.

"नको साहेब. ऱ्हाव दे."

"असं कसं राहू दे, मालक?"

"कललं तर विचारतील, कसली खून, कोनासाठी केली. मंग पोरगी निगंल. आयसनं तिचं नाव नाय काडलं, मी लोकांच्या तोंडात कशाला देव?" मग म्हणाले, "खुनी नाय ना बोलत आता तिला. बस झालं."

त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. इतकी वर्षं सगळ्यांची मतं गोळा केली, त्यांचं स्वतःचं मत कधी गेलंच नव्हतं. आज द्यायचं होतं. मी विचारलं, किती चांदण्या? पाच, म्हणाले. मग मजकूर सांगितला, नेहमीच्याच बारीक आवाजात, टीव्हीकडे न बघता.

"लिवा, सिनेमा चांगला हाय. मिठागरातली बाई काय बोलली, ते आमाला कललं नाय."

मी वर पाहिलं. त्यांनी मान हलवून लिहा असं सांगितलं. मी तसंच लिहिलं, त्यांना एकदा वाचून दाखवलं, आणि पाठवून दिलं.